शास्त्रीबुवांनी आधी रजा मागितली



लोणावळ्याहून पुण्याला लोकलने जाताना मळवली, कामशेत, कान्हे आणि मग वडगाव येतं. वडगाव आलं की मला दरवेळी राघोबादादांची आठवण होते आणि त्यांच्या मागोमाग रामशास्त्री प्रभुण्यांची. यंदा पर्युषणात तर रामशास्त्री मनातून हलेचनात. कारण पुढे सांगते.

रामशास्त्री माहुलीचे, पेशव्यांचे न्यायाधीश. 'देहान्त प्रायश्चित्त' म्हटलं की ते आठवतात, पण मला त्यांची त्याआधीची गोष्ट जास्त आवडते. थोरले माधवराव तेव्हा तरुण होते, जपतपाचा नाद लागलेला. शास्त्रीबुवा कामासाठी गेले तर पेशवे जपात गढलेले. शास्त्रीबुवा काही न बोलता परत फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि काशीला जायची रजा मागितली. पेशव्यांनी कारण विचारलं, आदल्या दिवसाबद्दल दिलगिरीही दाखवली, मग जपाची बाजूही मांडून पाहिली. तेव्हा शास्त्रीबुवांनी सांगितलं, की ब्राह्मण असून राज्य पत्करलंत तर प्रजेचं हित हेच तुमचं कर्म. ते होत नसेल तर गादी सोडा आणि खुशाल स्नानसंध्या करा. माधवरावांनी ते ऐकलं, जप आटोपता घेतला. ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात ही हकीकत दिली आहे.

बघा हं, त्या दिवशी जपाच्या जागी उभं राहून, कारकून-शागिर्दांसमोर ते बोलू शकले असते. बोलले नाहीत. एक रात्र जाऊ दिली. आणि उपदेश करू का, असंही विचारलं नाही. स्वतःची नोकरी पुढे ठेवून रजा मागितली. कारण विचारायचं की नाही, हे पेशव्यांच्या हातात ठेवलं.

आपल्याकडे हे नवीन नाही. वंदनासूत्रात गुरूंच्या अवग्रहात, म्हणजे त्यांच्या भोवतीच्या तेवढ्या जागेत, पाऊल टाकायचीसुद्धा आधी अनुज्ञा मागतो आपण. आलोचनाही तशीच. शिष्याने स्वतः येऊन दोष उघडा करायचा, मग गुरू प्रायश्चित्त देतात. हे सगळं मी चाळीस वर्षं पाठ म्हणत आले आणि स्वयंपाकघरात मात्र विसरले.

चार वर्षांपूर्वी पारण्याच्या जेवणात, आठ-दहा माणसांसमोर, मी आमच्या बाईसांना म्हटलं, "तुमच्या दुकानाचं उधारीचं खातं बघितलंय का कधी? असंच चाललं तर दोन वर्षांत शटर खाली येईल." मी बी.कॉम., आकडे मला दिसतात! पण ऑडिटरसुद्धा बोलावल्याशिवाय वह्या उघडत नाही, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. बाईसा काही बोलल्या नाहीत, ताटातली पुरी तशीच ठेवून उठल्या. दुकान पुढे खरंच बंद पडलं. तेव्हा सल्ल्याला त्या परक्या माणसाकडे गेल्या, माझ्याकडे नाही. दर संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' मात्र दोघी न चुकता म्हणत होतो.

आता वडगावचं. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्रीबुवांनी चौकशी केली, पुरावा हाती आला आणि थेट राघोबादादांसमोर जाऊन उभे राहिले. इथे त्यांनी परवानगी मागितली नाही. जीव गेला होता आणि न्याय करणं हे त्यांचं कामच होतं. अशा वेळी कसली परवानगी? दादा म्हणाले, मी धरायचा हुकूम दिला होता, मारायचा नाही. आणि मग त्यांनीच विचारलं, की याला प्रायश्चित्त काय? शास्त्रीबुवांनी देहान्त सांगितलं आणि पुणं सोडून वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले.

म्हणजे विचारलं दादांनीच, पण ऐकायचं नव्हतं. पुढे इंग्रजांचा हात धरून ते बोरघाट चढून आले ते आपल्याच गावांतून. फौजेबरोबर 19,000 च्या वर बैल होते म्हणे, एवढ्या जनावरांना आपल्या खंडाळ्यात वैरण कुठून मिळाली असेल! 4 जानेवारी 1779 ला कार्ल्याला कॅप्टन स्टुअर्ट पडला, आपले लोक ज्याला इष्टुर फाकडा म्हणतात तो. फौज तळेगावला पोचली तर मराठ्यांनी गाव आधीच जाळून टाकलेलं, दाणा नाही. 11 तारखेच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज मागे फिरले, वडगावला कोंडले गेले आणि तिथेच तह करून बसले. दादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले.

माधवरावांनाही कडू ऐकवलं, दादांनाही. सांगणारा माणूस एकच. तेव्हा आपण विचारून बोललो म्हणजे समोरचा ऐकेलच, असं मी म्हणणार नाही.

तरी यंदा पर्युषणाच्या आधी बाईसांना फोन केला. त्यांच्या धाकट्याच्या कर्जाबद्दल मला काळजी वाटत होती. म्हटलं, "बाईसा, एक बोलायचं होतं, जरा कडू आहे. ऐकाल का?"

थोडा वेळ फोनवर काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "भाभी, आत्ता नको."

"बरं," म्हटलं आणि अठाईच्या तयारीबद्दल विचारलं.

परवा त्यांचा फोन आला. शनिवारी दुपारच्या लोकलने येतायत. येताना धाकट्याच्या बँकेचे कागद आणू का, म्हणून विचारत होत्या.