चुकीच्या जागी पडलेली ठिणगी

मे महिन्याच्या सुटीत जालन्याला घरी गेलो होतो. ओसरीखाली वडिलांची जुनी फटफटी उभी होती. वडील शाळामास्तर. बदलीच्या गावी, भोकरदनपासून मंठ्यापर्यंत, ते याच गाडीवरून गेले. गाडी अगदी साधी आहे : एक सिलिंडर, दोन-स्ट्रोकचे इंजिन आणि ६ व्होल्टची बॅटरी. ती त्या दिवशी काही केल्या सुरू होईना. वीस-पंचवीस किका मारून झाल्यावर मी पान्हे काढले.

प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला, टाकीतले शिळे पेट्रोल काढून नवे भरले. गाडी एकदा फटफटली आणि बंद पडली. शेवटी मोंढ्याजवळच्या एका जुन्या मेकॅनिकला बोलावले. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी आधी काहीच बदलले नाही. मॅग्नेटचे झाकण काढले, एका हाताने उन्हाला आडोसा केला आणि मला किक मारायला सांगितले. मग म्हणाले, "सर, पाहा. ठिणगी इथे पॉइंटवर पडतेय. ती तिथे प्लगमध्ये पडायला हवी. गुरुजींच्या गाडीचा कंडेन्सर गेला." त्यांनी खिशातला दुसरा कंडेन्सर दोन तारांनी बाहेरूनच जोडला. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली.

वाचकांच्या लक्षात आले असेल की, मी तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. त्यामुळे गाडी जी एकदा फटफटली ती कशामुळे, हे मला सांगता येत नव्हते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी प्रयोगशाळेत काटेकोरपणे पाळतो. ओसरीवर तो पाळला उस्तादांनी. शिवाय त्यांचे ते वाक्य, 'इथे पडते, तिथे पडायला हवी', हे भौतिकशास्त्राच्या इतिहासातले एक महत्त्वाचे निरीक्षण आहे. पॅरिसमध्ये १८५३ साली ते प्रथम नीट मांडले गेले. या लेखात त्या ठिणगीचा माग काढू या.

फॅरेडेपासून रुमकॉर्फपर्यंत

मायकेल फॅरेडेने १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल तितका दाब जास्त, ही यातली कळीची गोष्ट. आयर्लंडमधील निकोलस कॅलन या धर्मगुरू-प्राध्यापकाने १८३६ च्या सुमारास लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी गुंडाळली. एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे. दुसरे बारीक तारेचे, पुष्कळ वेढ्यांचे. पहिल्यातला बॅटरीचा प्रवाह एकदम तोडला की दुसऱ्यात मोठा दाब उत्पन्न होई. पुढे पॅरिसचा उपकरण-कारागीर हाइनरिख रुमकॉर्फ याने १८५१ पासून हे इंडक्शन कॉइल फार सुबक बनवायला सुरुवात केली.

पण एक अडचण होती. प्रवाह तोडणारे संपर्कबिंदू एकमेकांपासून दूर होताच त्यांच्यातच ठिणगी पडे. प्रवाह तुटायला हवा, तर तो त्या ठिणगीच्या वाटेने रेंगाळत राही. चुंबकीय क्षेत्र हळूहळू ओसरे आणि दुसऱ्या वेटोळ्यातला दाब कमी पडे. शिवाय बिंदू जळत ते वेगळेच.

विहिरीवरून शेतात नेलेल्या पाइपलाइनचे उदाहरण घ्या. वाहत्या पाण्याचा व्हॉल्व्ह झटकन बंद केला की पाइपाला दणका बसतो, कारण वाहणाऱ्या पाण्याला एकदम थांबता येत नाही. वेटोळ्यातल्या प्रवाहाचेही तसेच आहे. वाट बंद झाली की तो हवेतून उडी मारायला पाहतो. पाइपलाइनवर हवेची टाकी बसवली असेल तर पाणी क्षणभर तिच्यात शिरते आणि दणका ओसरतो. आर्मां फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ साली नेमके असेच केले. संपर्कबिंदूंच्या दोन टोकांना त्याने एक धारित्र, म्हणजे कंडेन्सर, जोडला. बिंदू दूर होऊ लागताच प्रवाह क्षणभर कंडेन्सरमध्ये शिरतो. तेवढ्यात फट पुरेशी रुंद होते. बिंदूंवरची ठिणगी जवळजवळ नाहीशी होते आणि दुसऱ्या वेटोळ्याची ठिणगी लांब व जोरदार होते. १८४९ साली दातेरी चाक फिरवून जमिनीवर प्रकाशाचा वेग मोजणारा फिझो तो हाच.

ही सुधारणा झाल्यावर रुमकॉर्फचे कॉइल जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले. हर्ट्झने १८८७ च्या सुमारास विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या, रोंटगेनला १८९५ साली क्ष-किरण सापडले आणि त्याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी सूक्ष्मलहरींचे प्रयोग केले. या सगळ्यांमागे अशाच जातीचे कॉइल होते. आपल्या फटफटीच्या पत्र्याआड बसलेले इग्निशन कॉइल हे त्याच घराण्यातले आहे.

ठिणगी इंजिनात आली

एत्येन लेन्वार याने १८६० साली गॅसवर चालणारे इंजिन बनवले. त्यात त्याने रुमकॉर्फचे कॉइल वापरून ठिणगी पाडली. मात्र डाइमलरने १८८५ साली लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून जी पहिली मोटारसायकल म्हणता येईल अशी गाडी बनवली, तिच्यात ठिणगी नव्हती. बाहेरून तापवलेली नळी इंधन पेटवीत असे. इंजिनाचे फेरे वाढले तसे ठराविक क्षणी पेटवणे आवश्यक झाले आणि ते काम ठिणगीच करू शकत होती. बॉशच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. त्यात बॅटरी लागत नाही. फिरणाऱ्या भागामुळे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वीज तिथेच तयार होते. आपल्याकडच्या गॅरेजांत 'मॅग्नेट' हा शब्द रुळला तो यावरून. आमच्या गाडीत वीज बॅटरीतून येते, तरी त्या झाकणालाही सगळे मॅग्नेटच म्हणतात.

बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर अशी सुटसुटीत मांडणी मोटारीसाठी रूढ केली ती अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने, १९१० च्या आसपास. शिक्षकांना सांगण्याजोगी गोष्ट म्हणजे केटरिंग उमेदीच्या काळात शाळामास्तर होता. याच केटरिंगच्या हाताखाली थॉमस मिजली याने १९२१ साली पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याची युक्ती शोधली. तिने इंजिनातली ठकठक थांबली, पण जगभरच्या हवेत शिसे पसरले. भारतात शिसेविरहित पेट्रोल देशभर सक्तीचे झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून. एकाच माणसाच्या कामातून आलेल्या या दोन गोष्टी सारख्याच उपयोगी वाटल्या होत्या. एक टिकली, दुसरी घालवावी लागली.

दोन-स्ट्रोक इंजिनाची कथाही थोडक्यात पाहू. इंग्लंडमधील जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास दट्ट्याच्या खालच्या बाजूचाच पंपासारखा उपयोग करणारे इंजिन केले. त्यात झडपांची यंत्रणा लागत नाही. दट्ट्याच वर-खाली होताना सिलिंडरमधली छिद्रे उघडतो आणि मिटतो. जर्मन अभियंता श्नुर्ले याने १९२० च्या दशकात ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये वळसा घेऊन फिरेल अशी छिद्रांची रचना केली. त्यामुळे दोन-स्ट्रोक मोटारसायकल स्वस्त, हलकी आणि दमदार झाली.

आपल्या रस्त्यावर

मद्रासला १९५५ पासून एनफील्ड बुलेट तयार होऊ लागली; ती चार-स्ट्रोकची. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या आराखड्यावर दोन-स्ट्रोक गाड्या काढल्या. त्यांत गिअरचा दांडा आणि किक एकच असे. पुढे त्याच गाड्या येझदी नावाने आल्या. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडमधील आराखड्यावर बेतलेली होती. खेडोपाडीच्या दूधवाल्यांना आणि शिक्षकांना ती चांगली परिचयाची. या गाड्यांचे मालक थोडेफार मेकॅनिक असतच. सीटखाली प्लगपाना, जादा प्लग आणि काचपेपरचा तुकडा ठेवूनच ते बाहेर पडत.

१९८५ साली चार-स्ट्रोकची हिरो होंडा सीडी १०० आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. विसरून जाणे हा यंत्राचा गुण ठरला तो इथून. पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक इग्निशनने घेतली. २००० सालच्या प्रदूषण-मानकांनंतर दोन-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून जवळजवळ गेल्या आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर कार्बोरेटरही नव्या गाड्यांतून बहुतेक गेला. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. दोन-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच पुंगळीतून बाहेर पडतो, तेलाचा धूर होतो तो निराळाच. ती गेली हे आपल्या फुप्फुसांच्या दृष्टीने बरेच झाले.

मग गमावले काय? झाकण उघडून कारण शोधण्याची सवय. आज बिघाड झाला की बंद डबा बदलायचा. डब्यात काय चालते ते मालकाला दिसत नाही, मेकॅनिकलाही क्वचितच दिसते.

घरच्या घरी निदान

जुनी गाडी घरी असेल तर निदानाचा क्रम असा ठेवावा. इंजिनाला तीन गोष्टी लागतात : योग्य मिश्रण, योग्य क्षणी ठिणगी आणि पुरेसा दाब. बऱ्याच किका मारून प्लग काढा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. टाकीचा कॉक, नळी, कार्बोरेटरचा फ्लोट आणि जेट पाहा. प्लग ओला असेल तर ठिणगीकडे वळा. प्लगचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी चांगला. काळा काजळीचा असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त, पांढरट असेल तर हवा जास्त. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात एअर फिल्टर पार बुजवते आणि प्लग काळा पडतो, हेही लक्षात ठेवावे.

ठिणगी पाहण्यापूर्वी सांडलेले पेट्रोल पुसा, प्लगच्या छिद्रावर फडके ठेवा आणि उघड्या जागेत काम करा. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवा. टोपी हाताने नव्हे, कोरड्या लाकडी चिमट्याने धरा. तिथला दाब हजारो व्होल्ट असतो. निळी, कडक आवाजाची ठिणगी चांगली. पिवळी, मरगळलेली असेल तर पॉइंट पाहा. ते साफ करून फट फीलर गेजने गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. ती साधारण ०.४ मिलिमीटर असते. पॉइंटवरच लखलखाट दिसला, किंवा एका बिंदूवर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा आढळला, तर कंडेन्सरवर संशय घ्या. कंडेन्सर आतून जुळला, म्हणजे शॉर्ट झाला, तर मात्र ठिणगी कुठेच पडत नाही. एकाच सुट्या भागाच्या दोन बिघाडांची दोन वेगळी लक्षणे का, हा नववी-दहावीच्या मुलांना विचारण्याजोगा प्रश्न आहे.

आता एक नवी गोष्ट. देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसापासून बनलेले असते. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर १ किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. कार्बोरेटरला हे कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने मिश्रण करतो. परिणामी इंधनाच्या मानाने हवा जास्त होते आणि इंजिन अधिक तापू शकते. इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे टाकी आतून गंजते. जुने रबरही खराब होते. म्हणून प्लगचा रंग पाहून गरज वाटली तर मोठा जेट बसवावा, नळ्या आणि वॉशर बदलावेत आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करावा. दोन-स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये तेल मिसळायला विसरू नये. या जुन्या गाड्यांत ते साधारण लिटरला ४० मिलिलिटर असे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम आले आहेत. अशा गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे असतात आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. हौशी लोक या वाटेने काही गाड्या राखतील. उरलेल्या भंगारात जातील. जालन्यात भंगार वितळवून सळ्या करणारे कारखाने आहेत. त्यांच्या इंडक्शन भट्ट्यांत बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे लोखंडातच प्रवाह निर्माण होतो आणि ते वितळते. म्हणजे फॅरेडेच्या ज्या नियमाने फटफटीला जन्मभर ठिणगी दिली, त्याच नियमाने तिचा शेवट होतो.

त्यापूर्वी एक करता येईल. भंगारवाल्याकडून जुने कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग वर्गात आणावेत. ६ व्होल्टची बॅटरी जोडून शिक्षकांनी स्वतः पॉइंट उघड-मीट करून दाखवावेत. मुलांनी थोडे दूर उभे राहून पाहावे. आधी कंडेन्सर काढून, मग लावून. ठिणगी कुठून कुठे गेली ते मुलांनाच सांगू द्यावे. फिझोचे नाव त्यानंतर सांगितले तरी चालेल.