विमानतळावर लिहिलेलं समीकरण

1965 च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर अमेरिकेतल्या रॅले-डरहॅम विमानतळावर पुढच्या विमानाची वाट पाहत होते. हाताशी दोनेक तास होते. जवळच चॅपेल हिलला राहणाऱ्या ब्राइस डिविट या भौतिकशास्त्रज्ञाला त्यांनी भेटायला बोलावलं आणि अख्ख्या विश्वाला पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) लावायची कशी, हा आपला लाडका प्रश्न पुढे केला. डिविट यांनी तिथेच एक समीकरण मांडलं. ते 1967 साली छापून आलं.

त्यात काळ ही राशीच नव्हती! मग विश्वाचा आरंभ कशाला म्हणायचं?

1983 मध्ये जेम्स हार्टल आणि स्टीफन हॉकिंग यांनी धाडसी उत्तर दिलं. पृथ्वीच्या गोलाला दक्षिण ध्रुवाशी जशी कड नाही, तशीच विश्वाच्या सुरुवातीलाही नाही. त्याआधी वर्षभर अलेक्झांडर विलेंकिन यांनी विश्व शून्यातून, पुंजबोगद्यातून (क्वांटम टनेलिंगने) अवतरल्याची कल्पना मांडली होती.

त्याच काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कोल्हापूरचे जयंत नारळीकर आणि त्यांचे विद्यार्थी पद्मनाभन हेच कोडं वेगळ्या वाटेने सोडवत होते. अवकाशाच्या मोजपट्टीलाच पुंजकंप असले, तर आरंभीचा अनंत घनतेचा बिंदू टळू शकतो, असं त्यांचं गणित सांगत होतं.