बेगमसाहेबांचा फोटो आणि दादांची झेनिट

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी आमचे चित्रकलेचे सर आणि दहावीतली एक मुलगी माझ्या खोलीत आले. शाळेकडे एक डिजिटल कॅमेरा आहे, त्याच्यासोबत आलेली झूम लेन्सही आहे. पण आमचे सभागृह म्हणजे तीन ट्यूबलाइट आणि एका पिवळ्या दिव्याचा कारभार. नाचणाऱ्या मुलांचे हात फोटोत पांढऱ्या ओरखड्यांसारखे उमटतात. म्हणून कमी उजेडात चालणारी, झूम नसलेली, पन्नास मिलिमीटरची लेन्स घ्यावी, असा त्यांचा प्रस्ताव होता. ‘‘सर, एक पॉइंट आठची घ्यायची की एक पॉइंट चारची?’’ मुलीने विचारले. दोन्हींच्या किमतीत जवळजवळ तिपटीचे अंतर, आणि शाळेच्या निधीची अवस्था वाचकांना वेगळी सांगायला नको.

मी इतिहासाचा माणूस. समोर दोन वस्तू ठेवल्या की आधी त्यांची वंशावळ शोधावीशी वाटते. शिवाय या लेन्सच्या घराण्याशी माझा जुना संबंध आहे, तो भोपाळमुळे. माझे वडील, ज्यांना आम्ही सगळी भावंडे दादा म्हणत असू, ते नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. राजधानीबरोबर फायली गेल्या, फायलींबरोबर माणसे गेली. आपल्या बैतूल-छिंदवाडा-बऱ्हाणपूर पट्ट्यातल्या कितीतरी घरांत अशी एखादी ‘भोपाळला गेलेली’ शाखा सापडेल. आमची त्यांतलीच.

त्या भोपाळात छायाचित्रकला फार आधी येऊन पोहोचली होती. नोव्हेंबर १८६२ मध्ये जेम्स वॉटरहाउस नावाचा वीस वर्षांचा तोफखान्यातला लेफ्टनंट तिथे आला. मध्य भारतातील निरनिराळ्या जातिजमातींची छायाचित्रे काढण्याची सरकारी कामगिरी त्याच्याकडे होती. अशाच छायाचित्रांतून पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. भोपाळच्या गादीवर तेव्हा सिकंदर बेगम होत्या. पडदा न पाळणारी, स्वतः कारभार पाहणारी ही बाई. १८६१ मध्ये त्यांना ‘स्टार ऑफ इंडिया’ हा किताब मिळाला होता. त्या वॉटरहाउसच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या, त्यांची कन्या शाहजहान बेगमही बसल्या. सांचीच्या स्तूपाचे त्याने काढलेले फोटो पुढे फर्ग्युसनच्या ग्रंथात आले.

‘बसल्या’ हा शब्द मी सहज वापरला, पण त्या काळी बसणे हे कष्टाचे काम होते. १८५१ साली आर्चरने शोधलेली ओल्या कलोडियनची पद्धत तेव्हा रूढ होती. काचेवर द्रव पसरायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याच्या आत धुऊन काढायची. या सगळ्याला दहा-एक मिनिटे, आणि उन्हाळ्यात त्याहूनही कमी. अंधारकोठडीचा तंबू बरोबर वागवावा लागे. फोटोसाठी काही सेकंद निश्चल राहावे लागे, म्हणून स्टुडिओत माणसाच्या मानेमागे लोखंडी चिमटा लावीत. जुन्या फोटोंतली माणसे इतकी गंभीर का दिसतात, असे विद्यार्थी विचारतात, त्याचे निम्मे उत्तर या चिमट्यात आहे. राणी असो वा रानातला गोंड, कॅमेऱ्यासमोर दोघांनाही सारखेच थिजावे लागे.

हे थिजणे कमी करण्याची धडपड म्हणजेच वेगवान भिंगाचा इतिहास. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगून टाकतो. भिंगाच्या नाभीय अंतराला त्याच्या उघड्या तोंडाच्या व्यासाने भागले की जो आकडा येतो तो एफ-आकडा. आकडा जितका लहान तितके तोंड मोठे, आणि आकडा निम्मा केला की उजेड चौपट. छायाचित्रकलेच्या प्रारंभी, १८३९ च्या सुमारास, जी भिंगे होती ती एफ/१६ च्या आसपासची. त्यांनी देखावा निघे, पण माणसाला उन्हात कित्येक मिनिटे बसवावे लागे. व्हिएन्नातला गणिताचा प्राध्यापक योझेफ पेट्झवाल याने १८४० मध्ये कागदावर गणित मांडून एफ/३.६ चे भिंग सिद्ध केले. एका झटक्यात जवळजवळ वीस पट उजेड! त्या प्रचंड आकडेमोडीसाठी त्याला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली हिशेबात तरबेज माणसे मदतीला दिली होती. तोफगोळ्याचा मार्ग मोजणारे हात भिंगाच्या वक्रतेला लागले. भोपाळला आलेला वॉटरहाउसही तोफखान्यातलाच, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. पेट्झवालच्या वाट्याला मात्र फार काही आले नाही. भिंग बनवणाऱ्या फॉइग्टलेंडरशी त्याचे बिनसले, १८५९ मध्ये घर फोडले जाऊन हस्तलिखिते नष्ट झाली. मात्र व्यक्तिचित्रे काढणाऱ्यांनी त्याच्या घाटाचे भिंग पुढे कितीतरी दशके सोडले नाही.

या भिंगांत नळीवरच्या फटीतून एक पत्र्याची पट्टी सरकवून तोंड लहान करीत, तिला ‘वॉटरहाउस स्टॉप’ म्हणतात. हे नाव भोपाळच्या वॉटरहाउसचे, असे मला बरीच वर्षे वाटत होते आणि वर्गात तसे एकदा सांगूनही झाले होते. ते चूक. तो हॅलिफॅक्सचा जॉन वॉटरहाउस, १८५८ सालचा. आमचा जेम्स पुढे कलकत्त्यास भारतीय सर्वेक्षण खात्याच्या छायाचित्र विभागात गेला. त्या वर्गातली मुले आता चाळिशीत असतील; त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर दुरुस्ती करून घ्यावी.

मराठी माणूसही या विद्येत मागे नव्हता. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी होते. आपल्या बाजूचे मोठे नाव लाला दीनदयाळ यांचे. मेरठजवळच्या सरधन्याचा, रुडकीला शिकलेला हा माणूस इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस होता, आणि लेपेल ग्रिफिनबरोबर फिरून त्याने मध्य भारतातली स्मारके टिपली. १८८६ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. तोवर कोरड्या काचा आल्या होत्या, तंबूची कटकट संपली होती. पुढे निजामाने त्यांना ‘राजा’ केले.

विसाव्या शतकात कॅमेरा खिशात मावू लागला. १९२४ साली एर्मानॉक्स नावाचा छोटा कॅमेरा एफ/२ च्या लेन्ससह आला आणि एरिख सालोमन याने त्यातून परिषदांमध्ये जांभया देणारे मुत्सद्दी टिपले. फ्लॅश नाही, चिमटा नाही, ‘इकडे पाहा’ नाही. १९२५ मध्ये लायका बाजारात आला. पस्तीस मिलिमीटर फिल्मवर पन्नासच्या आसपासची लेन्स ही ‘नॉर्मल’ म्हणून रुळली. पण मूळ घाट जुनाच. पॉल रुडोल्फने १८९६ मध्येच सहा भिंगांचा ‘प्लॅनार’ रचला होता. त्याची अडचण अशी की त्यात हवा आणि काच आठ ठिकाणी भेटतात, आणि दर भेटीत चार-पाच टक्के उजेड परत फिरतो. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा वाया, आणि तो आत भरकटून चित्र पांढुरके करतो, हा जास्त मोठा तोटा. १९३५ मध्ये झाइसच्या स्माकुलाने काचेवर पातळ लेप चढवण्याची युक्ती काढली, तेव्हा हा घाट खऱ्या अर्थाने उपयोगी आला. जुनी लेन्स तिरकी धरली की जो निळसर-जांभळा रंग झळकतो, तो हाच लेप.

प्लॅनारच्या वंशात झाइसची ‘बायोटार’ झाली, ५८ मिलिमीटर, एफ/२. युद्धानंतर रशियाने मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात तिचीच आवृत्ती काढली आणि नाव ठेवले ‘हेलिओस’. ती झेनिट कॅमेऱ्यावर बसून जगभर गेली. आमच्याही घरी आली. १९७७ मध्ये दादांनी दिवाळीचा ॲडव्हान्स घेऊन, कार्यालयातल्या एका सहकाऱ्याकडून वापरलेला झेनिट-ई विकत घेतला. वजनाला वरवंट्यासारखा. आई म्हणाली, ‘‘यापेक्षा वरवंटाच आणला असता तर चटणी तरी झाली असती.’’

त्या लेन्सने दादांनी आमच्या क्वार्टरमध्ये रात्री काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. चारशे एएसएची फिल्म, एफ/२, शटर एक तीसांश सेकंद. शंभर वॅटच्या बल्बखाली हा हिशेब अगदी काठावर जमतो. एफ/४ ची लेन्स असती तर शटर अष्टमांश सेकंदावर आणावे लागले असते, आणि तेवढा वेळ कॅमेरा हातात स्थिर राहत नाही. आई गव्हाच्या परातीवर वाकलेली आहे, आजी वाती वळते आहे. कोणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. चेहरा स्पष्ट आणि मागची भांडी गोल फिरल्यासारखी विरघळलेली. हा भोवरा खरे तर दोष आहे, पेट्झवालच्या भिंगातही तो असे. लोक आता त्यासाठीच ही भिंगे शोधतात, इतके की २०१३ नंतर पेट्झवालचा घाट नव्याने निघाला, आणि तोही त्याच क्रास्नोगोर्स्कमध्ये. दोषाला वय झाले की त्याची शैली होते!

तर मुलीचा प्रश्न. मी तिला दादांची हेलिओस दिली, सरांनी मधली कडी मिळवली, आणि ओळखीच्या फोटोग्राफरकडून दोन्ही नव्या लेन्स दोन दिवसांसाठी आणल्या. आम्ही तिन्हींची परीक्षा घेतली. भिंतीवर वर्तमानपत्राचे पान ताणून लावले आणि कोपऱ्यातली अक्षरे वाचली. रात्री मैदानाच्या कडेचे दिवे टिपले, ते कडेला पाखरासारखे पसरतात का पाहिले. खिडकीच्या उजेडात आमच्या शिपाईबाईंना बसवले. पूर्ण उघड्या तोंडावर एक पॉइंट चार मऊ होती, एफ/२ वर ती आणि एक पॉइंट आठ यांत आम्हाला फरक सांगता येईना. हेलिओसचे कोपरे वाईट, खिडकीसमोर धरली की धुके, पण बाईंचा चेहरा तिच्यातच सर्वांत चांगला. बाईंनीही तोच फोटो मागून घेतला. शिवाय मीटरभर अंतरावरून अशा लेन्सचे पूर्ण तोंड उघडले तर जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर खोलीचाच पट्टा स्पष्ट येतो. डोळा धरला की कान सुटतो. नाचणाऱ्या मुलांवर हे जमवणे कठीण.

एक पॉइंट चारमध्ये एक पॉइंट आठपेक्षा उजेड येतो तो सुमारे दीडपटीहून थोडा अधिक. तेवढ्यासाठी तिप्पट पैसे आम्ही मोजले नाहीत. एक पॉइंट आठ घेतली आणि वाचलेल्या पैशांतून सभागृहाला चार चांगले दिवे बसवले. उजेड दुपटीहून जास्त झाला, आणि तो मागच्या रांगेतल्या पालकांनाही मिळाला.

हेलिओस परत करायला मुलगी घरी आली तेव्हा तिने दादांच्या निगेटिव्ह पाहायला मागितल्या. खिडकीशी धरून ती पाहत होती. एका पट्टीवर थांबली. ‘‘सर, या शेवटच्या तीन कोऱ्या का आहेत?’’

तो रोल १९८४ च्या दिवाळीत घातलेला. २ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. आम्ही टी. टी. नगरात, वारा आमच्याकडे फारसा आला नाही, पण जुन्या शहरातून माणसे येत राहिली. मी चौदा वर्षांचा होतो. आईने दारात बादली ठेवली होती, लोक डोळ्यांवर पाणी मारीत होते, एक बाई आमच्या पायरीवर बसली ती उठलीच नाही, म्हणजे सकाळपर्यंत बसून राहिली. तिच्या मांडीवर काय होते ते मला पाहू दिले नाही. त्या दिवसांतले भोपाळ जगाने पाहिले ते रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांच्या फोटोंतून. मातीत अर्धवट झाकलेला तो अनाम मुलाचा चेहरा दोघांनीही टिपला, आणि पाब्लोच्या रंगीत छायाचित्राला वर्ल्ड प्रेस फोटोचा त्या वर्षाचा पुरस्कार मिळाला. ते फोटो नसते तर खटल्यांच्या कागदांत ते मूल आकडाच राहिले असते. त्यांनी काढले ते योग्यच केले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दादांचा झेनिट कपाटात होता. त्यात फिल्म होती, तीन फोटो शिल्लक होते. त्यांनी कपाट उघडले नाही. संक्रांतीनंतर रोल तसाच धुवायला दिला. पुष्कळ वर्षांनी, मी मास्तर झाल्यावर, एकदा मी त्यांना समजूत घातल्यासारखे म्हटले, ‘‘रात्र होती, उजेड तरी कुठे होता तेव्हा.’’

दादा लेन्स पुसत होते. ‘‘ओसरीचा बल्ब लावलेला होता,’’ ते म्हणाले, ‘‘एफ/दोनला पुरला असता.’’