लहान क्षेत्रातील वृत्तपत्रव्यवसाय : ‘दीनमित्र’ आणि लघुराष्ट्रांचा अनुभव

२०११ च्या जनगणनेनुसार अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४५ लाख ४३ हजार होती. आइसलँड, माल्टा व भूतान या तीन राष्ट्रांची एकत्रित लोकसंख्या तिच्या निम्मीही भरत नाही. तथापि वृत्तपत्राचे क्षेत्र जिल्ह्याएवढे नसून बहुधा एखाद्या तालुक्याएवढे असते. त्यामुळे वाचक थोडे आणि जाहिरातदार त्याहून थोडे असताना छपाईचा खर्च कोणी सोसावयाचा, हा लघुराष्ट्रांतील प्रश्न राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरासारख्या नगरपरिषदेच्या गावालाही तितकाच लागू पडतो.

या जिल्ह्यात त्याचे पहिले उत्तर मिशनने दिले. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’मागे अमेरिकन मराठी मिशनचे पाठबळ होते, विक्रीवर त्याचे अस्तित्व अवलंबून नव्हते. दुसरे उत्तर अधिक विचारार्ह आहे. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधू’ काढले; आर्थिक ओढाताणीमुळे ते त्यांना फार काळ चालविता आले नाही व पुढे ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे मुंबईस गेले. भालेकरांचेच पुत्र, पाटील घराण्यात दत्तक गेलेले मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) यांनी १९१० साली सोमठाणे येथून ‘दीनमित्र’ साप्ताहिक सुरू केले व पुढे ते नेवासे तालुक्यातील तरवडी येथे नेले. पुण्या-मुंबईस न टिकणारे पत्र खेड्यात टिकेल, हे त्या काळी कोणास खरे वाटले नसते. ते जवळजवळ सत्तावन्न वर्षे टिकले.

याचे कारण केवळ ध्येयनिष्ठा मानणे अपुरे ठरेल. संपादकाचा संसार शेतीवर होता, कार्यालय घरचेच होते, आणि अंक टपालाने गावोगावच्या वर्गणीदारांकडे जात असे. उणीव पडली की पदरमोड होई. ज्यांच्याविरुद्ध लिहावयाचे त्या कुलकर्णी व सावकार वर्गाच्या पैशावर पत्र उभे नव्हते, म्हणूनच ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिणाऱ्या संपादकाची लेखणी खेड्यातही बोथट झाली नाही. अर्थात हे पत्र निःपक्षपाती नव्हते. त्याने सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीची बाजू उघडपणे घेतली. परंतु ती विकत घेतलेली बाजू नव्हती. या व्यवस्थेचा दोषही उघड आहे. सारा भार एका व्यक्तीवर असल्याने १९६७ मध्ये मुकुंदरावांबरोबर पत्रही संपले.

लघुराष्ट्रांचा अनुभव या संदर्भात पडताळून पाहण्याजोगा आहे. भूतानमध्ये ‘कुएन्सेल’ १९८६ पासून साप्ताहिक वृत्तपत्राच्या स्वरूपात निघू लागले. खासगी वृत्तपत्रांना तेथे २००६ मध्ये वाट मिळाली. त्यांचे उत्पन्न मुख्यतः शासकीय जाहिरातींवर उभे होते. त्या आटताच अनेक पत्रे डबघाईस आली व ‘भूतान ऑब्झर्व्हर’ची छापील आवृत्ती २०१३ मध्ये बंद पडली. माल्टात दोन्ही प्रमुख पक्षांच्या स्वतःच्या दूरचित्रवाहिन्या आहेत. आइसलँडसारख्या सधन व साक्षर देशातही ‘फ्रेत्ताब्लाडिड’ हे मोफत वाटले जाणारे, पूर्णतः जाहिरातींवर विसंबलेले दैनिक मार्च २०२३ मध्ये बंद झाले. लघुराष्ट्रांतील वृत्तपत्रांचे दुखणे वाचकांच्या अल्पसंख्येत शोधण्याचा प्रघात आहे. ‘दीनमित्र’चा वाचकवर्गही मोठा नव्हता; फरक होता तो पैसा देणाऱ्यांच्या संख्येत. शंभर ठिकाणांहून येणारी वर्गणी एकाच्या रागाने बंद होत नाही, एका ठिकाणाहून येणारी जाहिरात होते.

महाराष्ट्रातील तालुका पातळीवर आज चित्र भूतानशी अधिक जुळते. शासनमान्य जाहिरात यादीतील वर्ग, नगरपरिषदेच्या निविदा सूचना, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या हे छोट्या पत्रांचे प्रमुख आधार होत. वार्ताहरास वेतनाऐवजी अनेकदा जाहिरातीवरील कमिशन मिळते. म्हणजे नगरपरिषदेच्या सभेचे वृत्त लिहिणारा आणि तिच्याकडे जाहिरातीसाठी जाणारा माणूस एकच असतो. सभेतील पाणीपट्टीचा वाद किती ओळींत छापावयाचा, हे त्यालाच ठरवावे लागते.