खाजणाचे राखणदार

भूदृश्याचे व्यवस्थापन हा आज पदवी घेऊन करायचा व्यवसाय झाला आहे. गोव्यात त्याची कुळकथा निदान पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत मागे जाते. कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्म्याच्या बांदिवडे ताम्रपटात ‘खज्जन’ जमिनीचे दान आहे. तेच आपले खाजण.

खाजण म्हणजे भरतीच्या पातळीखालची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. पेडणे तालुक्यात ती शापोरा नदीच्या काठी भेटते, डिचोलीत मांडवीकाठच्या पिळगाव-नार्व्याकडे. चिखल, पेंढा आणि चिरे यांचा बांध, त्यामागे खारेपणा सोसणारे कोरगूट भात, आणि बांधात बसवलेली मानस.

खरी करामत या मानशीची. तिच्या लाकडी झडपा ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने नदीकडे उघडतात. भरती चढली की नदीचेच पाणी त्या मिटवते. तरीही माणूस लागतोच. झडप कुजली का, खेकड्यांनी बांध पोखरला का, कापणीनंतर खारे पाणी किती आत घ्यायचे, हे सारे त्याने बघायचे. एक बांध फुटला की कित्येक कुटुंबांचे शेत खारावते. म्हणूनच हे काम एकट्याचे कधीच नव्हते.

ते गावकरीचे, म्हणजे गावच्या सामाईक संस्थेचे होते. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने १५२६ साली गावकरीच्या चालीरीती सनदेत नोंदवल्या, तेव्हा डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांकडे नव्हतेही. डिचोली १७८१ मध्ये गेली, पेडणे १७८८ मध्ये. त्याआधीपासून पोर्तुगीजांकडे असलेल्या जुन्या काबिजादीतल्या गावकऱ्या मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव करीत, आणि त्या उत्पन्नाचा बांधांच्या डागडुजीला आधार होई.

१९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. ते न्याय्यच होते. पण बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे आली, आणि अनेक ठिकाणी हे संघ दुबळेच राहिले. मानशीचा ठेका घेणाऱ्याला मासळीसाठी खारे पाणी हवे, शेतकऱ्याला ते नको. दोघांत निवाडा करणारे जुने गावबळ उरले नाही.

किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने गोव्यातील खाजणांना संरक्षण दिले, त्यांचा व्यवस्थापन आराखडा करायला सांगितले. आराखडा हवाच. पण बांधावरून रोज फिरणारा, मानशीची नस ओळखणारा जाणकार गावोगाव पगारावर नेमल्याशिवाय तो कागदावरच राहील. कूळ संघांनी ही मागणी आता ग्रामसभेत लावून धरावी.