घाटाचा जमाखर्च

सहल तीन दिवसांची असली तर तिची आखणी निदान तीन आठवडे चालावी, असा मध्यमवर्गाचा अलिखित नियम आहे. या तीन आठवड्यांत घराची फाळणी होते. एका बाजूला मोटारवाले, दुसऱ्या बाजूला आगगाडीवाले. मोटारवाले म्हणतात, वाटेल तिथं थांबता येतं. आगगाडीवाले म्हणतात, वाटेल तिथं थांबावं लागत नाही. दोघांचंही खरं असतं, म्हणूनच भांडण मिटत नाही.

आमच्याकडे मोटारपक्षाचे पुढारी म्हणजे मेहुणे, कारण मोटार त्यांची. विरोधी पक्षात सौ. तिला घाटाच्या वळणांवर मळमळतं, आणि भाऊ गाडी चालवत असला की जरा जास्तच मळमळतं. बेत साधाच होता. डोंबिवलीहून निघून एक रात्र माथेरान, मग खाली उतरून बोरघाट चढायचा, एक रात्र लोणावळा-खंडाळा, आणि चिक्कीचे डबे घेऊन घरी. "भावोजी, तुम्ही बँकेतले. दोन्हींचा हिशेब मांडा आणि निकाल देऊन टाका," असं मेहुण्यांनी फर्मावलं. बी. कॉम. झालेल्या माणसाला सासरकडून एवढा मान क्वचितच मिळतो.

मी कागदावर रेघा मारल्या. डावीकडे नावे, उजवीकडे जमा. पेट्रोल, टोल, तिकिटं लिहून झाली आणि मग लक्षात आलं, की घाटाचं खातं फार जुनं आहे. मागील पानावरची शिल्लक पुढे ओढल्याशिवाय आजची बेरीज लागायची नाही. तेव्हा वाचनालय गाठलं आणि जुनं गॅझेटिअर काढलं.

मोटारीच्या बाजूची पहिली नोंद १८३० ची. त्या साली नोव्हेंबरात मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटातला नवा रस्ता खुला केला आणि चाकाची गाडी घाट चढू लागली. तोवर मालाची वाहतूक बैलांच्या पाठीवरून आणि माणसांची स्वतःच्या पायांवरून होत असे. महाबळेश्वरची माल्कमपेठ याच साहेबाच्या नावाची. गव्हर्नर लोकांना उकाडा फार होत असे आणि त्याचा खर्च सरकारी खात्यात पडत असे. आमच्या एल. टी. सी.ला मंजुरी लागते, एवढाच काय तो फरक.

त्या वेळचा एक पूल अगदी परवापरवापर्यंत उभा होता. त्यावर डोकेदुखीच्या बामची जाहिरात असे म्हणून लोक त्याला अमृतांजन पूल म्हणत. द्रुतगती मार्गावर त्याच्या खांबांपाशी वाहतूक तुंबायची, म्हणजे डोकेदुखी आणि बाम एकाच जागी. २०२० च्या एप्रिलमध्ये तो सुरुंग लावून पाडला.

जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. कथा अशी सांगतात, की साहेबाला घाटातून वाट काही सापडेना. शिंगरोबा नावाच्या धनगराने आपली मेंढरं जातात ती वाट दाखवून दिली. साहेब खूष झाला, म्हणाला, माग काय हवं ते. धनगराने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा सरकारी कागदांची नव्हे, ड्रायव्हर लोकांची. ते तिथं आजही नाणं टाकून पुढे जातात. २००२ साली पुरा झालेल्या द्रुतगती मार्गाने गेलं तर शिंगरोबा लागत नाही. टोल लागतो.

माथेरानला मोटारपक्षाचं दिवाळंच वाजतं. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारीला मज्जाव. तिथं ती उभी करून माणसाने पायी जावं, घोड्यावर बसावं, नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनातून छोटी गाडी पकडावी. "म्हणजे गाडीला गाडी लागतेच!" सौ. म्हणाली. तो गुण मला जमेला मांडावा लागला.

माथेरानचा 'शोध' लावला तो ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी, १८५० च्या मे महिन्यात. चौक गावात मुक्काम असताना ते संध्याकाळचे सहज डोंगराकडे फिरायला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढले, ते गावच्या पाटलाला बरोबर घेऊन. म्हणजे पाटलाला वाट ठाऊक होती. वर धनगर, ठाकर, कातकरी यांचा वावर होता. त्या सगळ्यांना माहीत असलेली जागा साहेबाला कळली, याचं नाव शोध. आमच्या बँकेतही एखादी गोष्ट शिपायाला दहा वर्षं ठाऊक असते आणि साहेबांना कळली की तिचं परिपत्रक निघतं.

पुढे पन्नासएक वर्षं लोक नेरळला उतरून घोड्याने, पालखीने किंवा चालत वर जात. मग सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने हा डोंगर मनावर घेतला. पैसा वडिलांचा, धडपड मुलाची, अब्दुल हुसेन यांची. काम १९०४ साली सुरू झालं आणि १९०७ साली गाडी धावली. रूळ दोन फूट रुंदीचे, लांबी सुमारे २१ किलोमीटर, खर्च १६ लाख रुपये. चढ काही ठिकाणी वीस फुटाला एक फूट. हे १६ लाख पाहून माझ्यातला कारकून जागा झाला. कुठला शाखाधिकारी या योजनेला कर्ज देता? 'उत्पन्नाचं साधन: हवा खायला येणारे लोक. व्यवसायाचे दिवस: पावसाळा सोडून.' अर्ज पहिल्याच टेबलावरून परत आला असता. ती गाडी ताशी वीस किलोमीटरचा वेगही गाठत नाही. २००५ च्या पुरात तिचा मार्ग वाहून गेला, २०१९ च्या पावसात पुन्हा उखडला, तरी दर वेळी ती सुरू झाली.

आता बोरघाटाची आगगाडी. इथं लेखणी जरा थबकते.

पुणे ते खंडाळा रेल्वे १८५८ साली सुरू झाली. खालून मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत आलेली होती. मध्ये घाट. तेव्हा १८५८ पासून १८६३ पर्यंत प्रवाशाने खंडाळ्याला उतरायचं, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट उतरायचा आणि खोपोलीला पुन्हा आगगाडी धरायची. रस्ता आणि रूळ दोन्ही. आज कर्जतहून खोपोलीला जी लोकल जाते, ती त्याच जुन्या फाट्यावरून. हे वाचून आमच्या घरचा तंटा मिटला. आम्ही आगगाडीने जायचं आणि मेहुण्यांनी शिंगरोबाला नाणं टाकून लोणावळ्याला मोटार घेऊन भेटायचं, असं ठरलं.

पण त्या पाच वर्षांत मधल्या घाटात काय चाललं होतं? पहिला ठेकेदार होता फॅव्हिएल. त्याने पोटठेकेदार नेमले आणि पोटठेकेदारांनी मजुरांचे पैसे अडकवले. १८५९ च्या जानेवारीत मजूर थकलेल्या मजुरीसाठी युरोपियन देखरेखवाल्यांवर धावून गेले आणि मारामारीत एक युरोपियन मेला. चौकशी झाली, तेव्हा मजुरांचं गाऱ्हाणं खोटं नसल्याचं निघालं. फॅव्हिएलने त्याच वर्षी ठेका सोडला. आमच्याकडे पगार एक तारखेऐवजी दोन तारखेला जमा झाला, तर दुपारच्या डब्याला युनियनची सभा भरते. दऱ्याखोऱ्यांत सुरुंग भरणाऱ्या त्या माणसांना मात्र स्वतःच्या घामाच्या पैशांसाठी दगड उचलावा लागला.

मग सॉलोमन ट्रेडवेल ठेका घेऊन विलायतेहून आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने वारला. इथली कोणीही बाई मिळेल त्या बोटीने माहेरी गेली असती. त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका आपल्याकडे ठेवला, कामावर दोन इंजिनियर नेमले आणि घाट पुरा करून दाखवला. हे मी सौ.ला मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हापासून सहलीचा ठेका तिच्याकडे आहे.

कॉलरा मजुरांत शिरला तो वेगळाच. माणसं पटापट मेली, उरलेली पळाली, पुन्हा नवी आणली. १८६१ च्या सुरुवातीला घाटात एकाच वेळी ४० हजारांवर माणसं राबत होती. कागदांत फॅव्हिएल आहे, ट्रेडवेल आहे, मुख्य इंजिनियर बर्कली आहे. या ४० हजारांतल्या कुणाचं नाव नाही. मी हिशेबाच्या 'नावे' बाजूला त्यांच्यासाठी एक ओळ ओढली. रक्कम काय लिहायची ते सुचेना, म्हणून ती कोरीच आहे.

अखेर २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. पावणेसोळा मैलांत १८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे. एका ठिकाणी डोंगर वळूच देईना, तेव्हा गाडी पुढे जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने वर निघायची. ही उलटापालट १९२९ साली नवा मार्ग होईपर्यंत चालली.

घाटाचा चढ मात्र गेला नाही. कर्जतला आजही बऱ्याच गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. ती जोडेपर्यंत गाडी थांबते आणि त्या वेळात कर्जतचा बटाटेवडा खायचा, असा रिवाज आहे. या मागच्या इंजिनांना रेल्वेवाले 'बँकर' म्हणतात. मी ही माहिती घरात जरा छाती पुढे काढूनच सांगितली.

"आणि लोणावळ्याला पोचल्यावर त्या बँकरचं काय करतात?" सौ.ने विचारलं.

"सोडून देतात."

"बरं," ती म्हणाली आणि वड्यांचे पैसे वेगळे काढून ठेवले.