माथेरान : पाहुण्यांचे आणि राहणाऱ्यांचे

इ. स. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानचा डोंगर चढून गेले आणि तेथून त्या गिरिस्थानाच्या इतिहासास आरंभ झाला, असे सामान्यतः सांगण्यात येते. वस्तुतः धनगर, ठाकूर व कातकरी या लोकांना ते रान पूर्वीपासून ठाऊक होते. पाहुणा आला तो दिवस इतिहासाने टिपून ठेवला. रहिवाशांची दखल मात्र मागाहून घेतली गेली.

१९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या उद्योगामुळे नेरळहून दोन फुटी रुळांवरची आगगाडी वर आली. पाहुणे वाढले, तसे घोडेवाले, हमाल, हातरिक्षा ओढणारे व दुकानदार यांचे संसार तेथे रुजले. गाव हंगामावर जगू लागले. चार महिने कोसळणाऱ्या पावसात जे खायचे, ते उन्हाळ्यात मिळवायचे, हा तेथील गृहस्थाचा हिशेब.

मोटारगाड्या दस्तुरीच्या नाक्यावरच थांबतात. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, तेव्हा या शिस्तीस कायद्याचे बळ मिळाले. पाहुण्यास ही शांतता हवीशी वाटते. घोडेवाल्यास तीत भाकरी दिसते. परंतु शाळेची वाट तुडविणारे मूल, थकलेला वृद्ध आणि वर वाहून आणलेले धान्य चढ्या दराने घेणारी गृहिणी यांना त्याच शांततेचे मोल रोज चुकवावे लागते.

म्हणूनच डिसेंबर २०२२ मध्ये विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रायोगिक रीतीने धावू लागल्या, तेव्हा गावात दोन तट दिसले. हातरिक्षा ओढणाऱ्यांना ती सुटका वाटली, तर घोडेवाल्यांना पोटावर आलेले संकट. मार्च २०२५ मध्ये पाहुण्यांच्या फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा गावकऱ्यांनीच बंद पुकारला. पाहुण्याचा विश्वास गेला तर चूल विझेल, हे त्यांनी ओळखले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसास ओढण्याची प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

घोडेवाल्याची भीती खोटी नव्हे आणि रिक्षा ओढणाऱ्याचा थकवाही खोटा नव्हे. माथेरानची शांतता जपलीच पाहिजे. मात्र तिचा सारा भार सर्वांत दुबळ्या खांद्यांवर पडू नये, एवढीच रहिवाशांची रास्त अपेक्षा आहे.